पक्ष बदलले, माणसे तीच : अमरावती विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास

एखाद्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास म्हटला की सर्वसाधारणपणे तीन रकान्यांचा एक तक्ता समोर येतो : निवडणुकीचे वर्ष, निवडून आलेल्या उमेदवाराचे नाव आणि त्याचा पक्ष. वाचणाऱ्याची नजर बहुधा तिसऱ्या रकान्यावर जाते आणि त्यावरून तो मतदारसंघ कोणाचा बालेकिल्ला होता, तो कधी ढासळला आणि वारे कोणत्या बाजूने फिरले, याचे निष्कर्ष काढले जातात. अमरावती मतदारसंघाचा १९९० पासूनचा तक्ता असा वाचला तर दोनदा भारतीय जनता पक्ष, नंतर सलग तीनदा काँग्रेस, पुन्हा भाजप, पुन्हा काँग्रेस आणि शेवटी राष्ट्रवादी काँग्रेस असा क्रम दिसतो, आणि येथील मतदार अतिशय चंचल असावा असे वाटू लागते. परंतु त्याच तक्त्यातील नावांचा रकाना वाचला, आणि विजयी उमेदवारासोबत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यांची नावेही नोंदली, तर चित्र पालटते. कारण या पस्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसे वेगवेगळ्या चिन्हांवर पुन्हा पुन्हा त्याच मतदारांसमोर आलेली आहेत. मतदारसंघाचा इतिहास पक्षाच्या रकान्यातून पुरता उलगडत नाही. त्यासाठी त्याची सीमा, त्यातील माणसे आणि मतांची विभागणी या तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात, हे अमरावतीइतके स्पष्टपणे दाखवणारा मतदारसंघ वऱ्हाडात दुसरा क्वचितच सापडेल.

मतदार घडण्यापूर्वीचे वऱ्हाड

अमरावतीला राजकारणाची परंपरा जुनी आहे. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले होते. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच, आणि पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणारे रंगनाथ नरसिंह मुधोळकरही अमरावतीचेच. तथापि ज्या प्रांताने राष्ट्रीय पातळीवर असे नेतृत्व दिले, त्या प्रांतातील माणसाला आपला प्रतिनिधी थेट निवडून देण्याचा हक्क त्या काळी नव्हता, आणि नंतर तो मिळाला तोही एका विचित्र आडवळणाने.

वऱ्हाड हा नाममात्र निजामाचा मुलूख होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, १९०२ च्या कराराने तो ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने, म्हणजे ठरावीक वार्षिक रकमेच्या मोबदल्यात, मिळाला आणि त्यानंतर तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. मात्र कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे १९१४ मध्ये मध्य प्रांताचे कायदेमंडळ सुरू झाले तेव्हा एक अडचण उभी राहिली. ब्रिटिश मुलखाबाहेरच्या लोकांनी निवडलेला सदस्य त्या सभागृहात बसणार कसा? त्यावर काढलेला तोडगा असा होता की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, आणि जो निवडून येईल त्याला सरकारने ‘नियुक्त’ करायचे. १९१९ च्या सुधारणांनंतरही हीच पद्धत चालू राहिली, त्यामुळे वऱ्हाडचा प्रतिनिधी मतदारांच्या दृष्टीने निवडलेला तर कागदोपत्री नेमलेला असे.

त्या काळातील एक घटना पुढच्या इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. सरकारशी असहकार हे या पक्षाचे धोरण होते, आणि त्याने मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये करून द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती लोकप्रतिनिधी मंत्र्यांकडे आणि महत्त्वाची खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे ठेवणारी व्यवस्था, अक्षरशः अडवून धरली. परंतु १९२५ मध्ये याच पक्षाचे अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे त्या वेळी कायदेमंडळाचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले आणि त्यावरून पक्षात देशभर वादळ उठले. त्यातूनच सरकारशी प्रसंगानुसार सहकार्य करावे असे मानणाऱ्या प्रतियोगी सहकारितावाद्यांचा गट पुढे आला आणि १९२६ मध्ये त्यांची परिषद अकोल्यात भरली. पक्षाची शिस्त मोठी की प्रतिनिधीचा स्वतःचा निर्णय मोठा, हा प्रश्न वऱ्हाडच्या राजकारणात शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, असे यावरून दिसते.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये झालेल्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या ११२ जागा होत्या. त्यांपैकी ८४ सर्वसाधारण जागा होत्या आणि त्यांतील २० अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. मुस्लिमांसाठी १४ जागांचे स्वतंत्र मतदारसंघ होते, आणि जमीनदार, व्यापार, कामगार, विद्यापीठ व स्त्रिया यांच्यासाठीही वेगळ्या जागा होत्या. म्हणजेच एकाच गावातील दोन शेजारी वेगवेगळ्या मतदारसंघांचे मतदार असू शकत, आणि मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण यांच्या अटींमुळे त्याच गावातील बहुसंख्य लोक कोणत्याच मतदारसंघाचे मतदार नसत. एका भूभागात राहणारे सर्व प्रौढ एकाच यादीत असतील आणि एकाच निवडणुकीत मत देतील ही आज सहज वाटणारी कल्पना अमरावतीत प्रत्यक्षात आली ती १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आणि म्हणूनच मतदारसंघ या शब्दाच्या आजच्या अर्थाने येथील इतिहास तेथून सुरू होतो.

एकच शहर, तीन विधानसभा

हा इतिहास सुरू झाला तोही एका अस्थिर चौकटीत. १९५२ मध्ये अमरावतीच्या मतदाराने जो आमदार निवडला तो मध्य प्रदेशाच्या २३२ सदस्यांच्या विधानसभेत बसला, जिची राजधानी नागपूर होती. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वऱ्हाडसह स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. पण ती मान्य न होता १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९५७ च्या निवडणुकीत अमरावतीचा आमदार मुंबई राज्याच्या ३९६ सदस्यांच्या सभागृहात पोहोचला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला आणि १९६२ मध्ये तिसरी निवडणूक झाली ती महाराष्ट्राच्या २६४ जागांच्या विधानसभेसाठी. दहाएक वर्षांत, आपले घर न सोडता, अमरावतीच्या एकाच मतदाराने तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी मतदान केले.

या बदलांसोबत मतदारसंघांच्या रचनेचे नियमही बदलत होते. पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य असत, म्हणजे त्यांतून एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा असे दोन प्रतिनिधी निवडले जात. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने रद्द होऊन सगळे मतदारसंघ एकसदस्य झाले. महाराष्ट्राच्या जागा पुढे २७० आणि १९७८ पासून २८८ झाल्या. राज्यनिहाय जागांची संख्या तेथेच गोठवण्यात आली, पण राज्यांतर्गत सीमा २००१ च्या जनगणनेच्या आधारे नव्याने आखण्याची मुभा पुढे मिळाली आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाने, ते काम पूर्ण केले. २००९ ची विधानसभा निवडणूक या नव्या सीमांवर झाली.

या पुनर्रचनेने वऱ्हाडचा राजकीय नकाशा खोलवर बदलला. लोकसंख्येचा भार मुंबई, ठाणे आणि पुणे या भागांकडे सरकल्यामुळे विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. अमरावती जिल्ह्यातील वलगाव हा मतदारसंघ नाहीसा झाला, चांदूरच्या जागी धामणगाव रेल्वे आला आणि जिल्ह्याच्या वाट्याला धामणगाव रेल्वे, बडनेरा, अमरावती, तिवसा, दर्यापूर, मेळघाट, अचलपूर व मोर्शी अशा आठ जागा उरल्या, ज्यांपैकी मेळघाट अनुसूचित जमातींसाठी आणि दर्यापूर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. महापालिकेची हद्द दोन मतदारसंघांत विभागली गेली : शहराचा एक मोठा भाग क्रमांक ३८ च्या अमरावती मतदारसंघात राहिला, तर उरलेला भाग बडनेरा आणि आसपासच्या ग्रामीण पट्ट्यासह क्रमांक ३७ च्या बडनेरा मतदारसंघात गेला. त्याच वेळी अमरावती लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. साहजिकच शहरातील खुल्या प्रवर्गातील महत्त्वाकांक्षी नेत्यांना लोकसभेची वाट बंद झाली आणि त्यांच्या दृष्टीने विधानसभेच्या या दोन जागांचे मोल वाढले.

१९८५ ते २००४ : ओळखीची नावे

१९८५ मध्ये अमरावतीतून काँग्रेसचे डॉ. देवीसिंह शेखावत निवडून आले. ते शिक्षणक्षेत्रातील होते, पुढे अमरावती महापालिकेचे पहिले महापौर झाले, आणि त्यांच्या पत्नी प्रतिभाताई पाटील १९९१ मध्ये अमरावतीतूनच लोकसभेवर गेल्या. १९९० मध्ये ही जागा काँग्रेसच्या हातून निसटून भाजपचे जगदीश गुप्ता यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती १९९५ मध्येही राखली. १९९९ मध्ये काँग्रेसचे डॉ. सुनील देशमुख निवडून आले, २००४ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात वित्त व नियोजन खात्याचे राज्यमंत्री झाले. विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे राज्याच्या इतर भागांच्या तुलनेत सिंचन, रस्ते यांसारख्या क्षेत्रांत साचत गेलेल्या तुटीचा प्रश्न सातत्याने मांडणारे नेते अशी त्यांची ओळख झाली. शेजारच्या बडनेऱ्यातून त्याच वर्षी राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुलभा खोडके विजयी झाल्या.

येथपर्यंतचा इतिहास पक्षांच्या भाषेत सहज सांगता येतो : काँग्रेसची जुनी जागा, नव्वदच्या दशकात राज्यभर वाढलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या लाटेत भाजपकडे गेलेली आणि नंतर काँग्रेसने परत मिळवलेली. परंतु शेखावत, गुप्ता, देशमुख आणि खोडके ही चार आडनावे लक्षात ठेवावी लागतात, कारण पुढच्या चार निवडणुकांत प्रमुख लढत याच नावांभोवती फिरत राहिली. बदलत गेली ती फक्त त्यांच्यापुढची चिन्हे.

२००९ : उमेदवारीवरून फुटलेली लढत

२००९ मध्ये काँग्रेसने विद्यमान आमदार आणि राज्यमंत्री असलेल्या देशमुखांची उमेदवारी कापून ती राजेंद्र शेखावत यांना दिली. ते डॉ. देवीसिंह शेखावतांचे पुत्र होते आणि त्यांच्या मातोश्री प्रतिभाताई पाटील त्या वेळी देशाच्या राष्ट्रपती होत्या, त्यामुळे या एका तिकिटाची चर्चा दिल्लीपर्यंत झाली. देशमुखांनी बंडखोरी केली आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. निकाल लागला तेव्हा शेखावत यांना ६१,३३१ आणि देशमुखांना ५५,७१७ मते होती. ५,६१४ मतांनी काँग्रेसची जागा काँग्रेसकडेच राहिली.

पक्षाच्या रकान्यात या निवडणुकीची नोंद ‘काँग्रेसने जागा राखली’ अशी होते, आणि ती चूक नाही, पण ती अपुरी आहे. पहिल्या दोन क्रमांकांचे उमेदवार काल-परवापर्यंत एकाच पक्षात होते, म्हणजे येथे खरी लढत दोन पक्षांत न होता एका पक्षाच्या दोन गटांत झाली आणि प्रमुख विरोधी पक्ष त्या लढतीच्या कडेला राहिला. कोणतेही पक्षचिन्ह नसलेल्या उमेदवाराला ५५ हजारांवर मते मिळतात तेव्हा त्या मतदारसंघात उमेदवाराची स्वतःची मतपेढी किती मोठी असू शकते, याचा तो एक ठोस मापदंड ठरतो. त्यानंतर देशमुखांनी जनविकास काँग्रेस या नावाने स्थानिक राजकारण चालू ठेवले.

२०१४ आणि २०१९ : चिन्हांची अदलाबदल

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्यातील युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या. भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे चारही पक्ष स्वतंत्र लढले. देशमुख या वेळी भाजपच्या कमळावर उभे होते आणि त्यांनी ८४,०३३ मते मिळवून काँग्रेसच्या शेखावतांचा ३५,०७२ मतांनी पराभव केला. पाच वर्षांपूर्वीचेच दोन प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर आले होते, एकाचे चिन्ह तेच होते, दुसऱ्याला मोठ्या पक्षाचे चिन्ह मिळाले होते, आणि देशात त्या वर्षी भाजपची लाट होती. व्यक्तीची मते आणि पक्षाची मते एकत्र आल्यावर काय होते, ते या मताधिक्यातून दिसते.

२०१९ मध्ये मात्र पारडे उलटले. बडनेऱ्यात २००९ मध्ये अपक्ष रवी राणा यांच्याकडून पराभूत झालेल्या सुलभा खोडके आता काँग्रेसच्या उमेदवार म्हणून अमरावतीत आल्या आणि त्यांनी ८२,५८१ मते मिळवली. भाजपच्या देशमुखांना ६४,३१३ मते पडली आणि त्यांचा १८,२६८ मतांनी पराभव झाला. म्हणजे एके काळचे काँग्रेसचे मंत्री भाजपच्या चिन्हावर आणि मूळच्या राष्ट्रवादीच्या आमदार काँग्रेसच्या चिन्हावर, अशी ही लढत होती. या वेळी काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची आघाडी पुन्हा जुळलेली होती, ही बाब निकालाचा अर्थ लावताना महत्त्वाची ठरते.

२०२४ : चौरंगी सामना

पुढच्या पाच वर्षांत राज्यातील शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन पक्ष फुटले आणि अमरावतीतील पट पुन्हा मांडला गेला. देशमुख २०२१ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. खोडके यांना पक्षविरोधी भूमिकेच्या कारणावरून काँग्रेसने निलंबित केले आणि त्या अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेसच्या, म्हणजे पर्यायाने भाजपप्रणीत महायुतीच्या, उमेदवार झाल्या. जागावाटपात ही जागा भाजपला न सुटल्यामुळे १९९० आणि १९९५ चे विजेते जगदीश गुप्ता अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. चौथे प्रमुख उमेदवार आझाद समाज पक्षाचे अलीम पटेल होते.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागलेल्या निकालात खोडके यांना ६०,०८७ आणि देशमुखांना ५४,६७४ मते मिळाली, पटेल यांना जवळपास देशमुखांइतकीच, तर गुप्तांना सुमारे ३४ हजार. ५,४१३ मतांनी खोडके विजयी झाल्या. या चौघांच्याच मतांची बेरीज दोन लाखांवर जाते, आणि त्या बेरजेतही विजयी उमेदवाराचा वाटा तीस टक्क्यांच्या आत राहतो. आपल्याकडील निवडणूक पद्धतीत विजयासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा एक मत अधिक मिळाले तरी पुरते. त्यामुळे लढत जितकी अधिक तुकड्यांत विभागली जाते तितका विजयाचा उंबरठा खाली येतो. २०१९ मध्ये खोडके ८२ हजारांवर मते घेऊन जिंकल्या होत्या, तर २०२४ मध्ये २२ हजारांहून अधिक मते कमी मिळूनही त्या जिंकल्या, याचे कारण या पद्धतीत आहे.

या निकालांतून देशमुखांची वाटचाल वेगळी काढून पाहिली तर १९९९ पासून २०२४ पर्यंतच्या सहाही निवडणुकांत ते अमरावतीत उमेदवार होते. त्यांत ते तीनदा विजयी झाले आणि तीनदा दुसऱ्या क्रमांकावर राहिले. त्यांची चिन्हे या काळात हात, हात, अपक्षाचे चिन्ह, कमळ, कमळ आणि पुन्हा हात अशी बदलली. पंचवीस वर्षांत एकाच माणसाच्या बाजूने किंवा विरोधात मत देण्याचा प्रश्न अमरावतीच्या मतदारासमोर प्रत्येक वेळी होता, आणि पक्षाच्या रकान्यात मात्र त्याचा मागमूसही लागत नाही.

असे का घडते?

पहिले कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा निवडून आलेल्या सदस्याला सभागृहाच्या मुदतीत पक्ष सोडण्यापासून रोखतो. मुदत संपत आली की अपात्रतेचा फारसा धाक उरत नाही, आणि सदस्यत्व नसताना पक्ष बदलण्यावर तर त्याचे कोणतेही बंधन नाही. परिणामी पक्षांतराचा काळ निवडणुकीच्या तोंडावर सरकतो, आणि उमेदवारी वाटपाचे काही आठवडे हेच स्थानिक राजकारणातील सर्वांत निर्णायक दिवस ठरतात.

दुसरे कारण शहरी मतदारसंघाच्या स्वभावात आहे. महापालिकेतील नगरसेवक, शिक्षणसंस्था, सहकारी बँका, गणेशोत्सव व नवरात्र मंडळे, मोहल्ल्यांतील कार्यकर्ते यांचे जे जाळे उमेदवार वर्षानुवर्षे विणतो ते पक्षाच्या मालकीचे नसते. नेता निघाला की त्या जाळ्याचा मोठा भाग त्याच्यासोबत निघतो. तिसरे कारण आघाड्यांचे राजकारण होय. जागा कोणत्या मित्रपक्षाच्या वाट्याला जाते यावर स्थानिक नेत्याचे पक्षातील भवितव्य ठरू लागले, की ज्याची जागा जाते तो बंडखोरी करतो किंवा दुसरे घर शोधतो. २०२४ मधील गुप्तांची अपक्ष उमेदवारी हे याचे थेट उदाहरण आहे.

तुलनेसाठी अकोला पश्चिम

अमरावतीचे हे वेगळेपण शेजारच्या अकोल्याशी तुलना केली की अधिक ठळक होते. तेथे भाजपचे गोवर्धन शर्मा, ज्यांना अकोलेकर ‘लालाजी’ म्हणत, १९९५ पासून २०१९ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले. पहिल्या तीन वेळा जुन्या अकोला मतदारसंघातून आणि पुनर्रचनेनंतरच्या तीन वेळा अकोला पश्चिम मतदारसंघातून. एकच व्यक्ती, एकच पक्ष आणि एकच चिन्ह असा हा तक्ता असल्यामुळे तो वाचताना काहीच घडले नाही असा समज होतो. प्रत्यक्षात मताधिक्याचा रकाना जोडला की त्यात मोठी हालचाल दिसते : २०१४ च्या बहुरंगी लढतीत शर्मा सुमारे ४० हजार मतांनी जिंकले होते, तर २०१९ मध्ये विरोधी मते एकवटल्यावर शर्मांना ७३,२६२ आणि काँग्रेसचे साजिद खान पठाण यांना ७०,६६९ मते मिळून अंतर अवघ्या २,५९३ वर आले.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी शर्मांचे निधन झाले आणि जागा रिक्त झाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १५१ अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरावी लागते. परंतु सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही अट लागू होत नाही. निवडणूक आयोगाने लोकसभेसोबत २६ एप्रिल २०२४ रोजी पोटनिवडणूक जाहीर केली होती. मतमोजणी ४ जूनला होणार होती आणि विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्ये संपणार होती, म्हणजे नव्या आमदाराला सहा महिनेही मिळणार नव्हते, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला आणि खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ही पोटनिवडणूक रद्द केली. २०१९ मध्ये काटोलच्या पोटनिवडणुकीबाबतही हाच प्रश्न उपस्थित झाला होता. अकोल्याबाबतच्या या निर्णयामुळे सार्वजनिक खर्च टळला हे खरे, पण अकोला पश्चिमचे मतदार वर्षभराहून अधिक काळ विधानसभेत प्रतिनिधीविना राहिले, हीसुद्धा त्या मतदारसंघाच्या इतिहासातील नोंदण्याजोगी बाब आहे.

त्यानंतर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत साजिद खान पठाण यांनी भाजपचे विजय अग्रवाल यांचा १,२८३ मतांनी पराभव केला. भाजपमधून बंडखोरी करून अपक्ष लढलेले हरीश आलिमचंदानी यांची मते या अंतराच्या कित्येक पट होती. ती सगळी मते भाजपचीच होती असे गृहीत धरता येत नाही. तरीही तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार नोंदल्याशिवाय या निकालाचा अर्थ लागत नाही, एवढे निश्चित. जेथे व्यक्ती आणि पक्ष तीन दशके एकरूप राहिले तेथेही अखेरीस निकाल ठरला तो मतविभागणीने.

आकड्यांच्या मर्यादा

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. देशमुखांना २००९ मध्ये अपक्ष म्हणून ५५,७१७ आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून ५४,६७४ मते मिळाली. फरक फक्त १,०४३ मतांचा. यावरून त्यांची एक पक्की मतपेढी आहे आणि तीच दोन्ही वेळा त्यांच्यामागे उभी राहिली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पंधरा वर्षांत मतदार यादीत हजारो नवी नावे आली, हजारो गळाली, वसाहती वाढल्या, आणि मत गुप्त असल्यामुळे कोणत्या मतदाराने कोणाला निवडले हे कळण्याचा मार्ग नाही. आकडे सारखे असले म्हणून मतदार तेच असतात असे नाही. एखाद्या समाजाने अमुक उमेदवाराला ‘एकगठ्ठा’ मत दिले, ही निकालानंतर सर्रास केली जाणारी विधानेही अशाच घाईच्या अनुमानातून येतात.

अधिक भरवशाचे साधन म्हणजे निवडणूक आयोगाचा ‘नमुना २०’. मतमोजणीनंतर तयार होणाऱ्या या अंतिम निकालपत्रकात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते आणि प्रत्येक उमेदवाराचा एक स्तंभ. त्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटाला किती पडली आणि एकूण मतदान किती झाले, हे सारे त्या ओळीत वाचता येते. अमरावतीच्या परकोटातील जुन्या मोहल्ल्यांच्या ओळी आणि परकोटाबाहेर वाढलेल्या नव्या वसाहतींच्या ओळी शेजारी ठेवल्या, आणि त्या २००९ ते २०२४ अशा चार निवडणुकांसाठी पाहिल्या, तर कोणत्या भागात उमेदवार पक्ष बदलूनही टिकला आणि कोणत्या भागात चिन्हाने निर्णय केला, हे वस्तीच्या पातळीवर तपासता येते. तेथेही माणसाचे मत कळत नाही, पण वस्तीचा कल कळतो, आणि स्थानिक इतिहासासाठी ते पुरेसे मोलाचे आहे. महाविद्यालयांतील राज्यशास्त्र आणि भूगोल विभागांनी असे अभ्यास हाती घेतले तर वऱ्हाडच्या राजकारणावरील पुष्कळ ऐकीव विधाने पारखून घेता येतील.

पुढची पुनर्रचना

मतदारसंघांच्या सीमा पुन्हा बदलणार आहेत. राज्यनिहाय जागांवरील गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी ठेवलेल्या एक-तृतीयांश जागांची अंमलबजावणीही जनगणना आणि परिसीमन यांच्याशी जोडलेली आहे. मागील पुनर्रचनेत विदर्भाने चार जागा गमावल्या. लोकसंख्या हाच निकष राहिला तर पुढील वेळीही राज्यातील विदर्भाचा वाटा घटण्याची शक्यता आहे. अमरावती शहर दोन मतदारसंघांत विभागलेले राहील की नाही, त्याच्या सीमा कोणत्या रस्त्यावरून जातील आणि त्यातील कोणती जागा महिलांसाठी राखीव होईल, यावर अनेक नेत्यांची वाटचाल आणि हजारो मतदारांचा आमदार ठरणार आहे. परिसीमन आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो, आणि अंतिम आदेश निघाल्यावर त्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट जवळपास उरत नाही. म्हणून नागरिकांनी बोलण्याची वेळ मसुद्याच्या टप्प्यावरच असते.

निवडून येणाऱ्याला नियुक्त म्हणवून घ्यावे लागण्याच्या काळापासून सर्व प्रौढांच्या मताधिकारापर्यंत वऱ्हाडचा मतदार मोठा पल्ला चालून आला आहे, आणि त्या मताधिकाराचा अर्थ फक्त मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहण्यापुरता सीमित नाही. आपल्या मतदारसंघाची सीमा कोणी व कशासाठी आखली, आपल्यासमोर मत मागायला आलेला उमेदवार मागच्या वेळी कोणत्या चिन्हावर आला होता आणि तेव्हा त्याने काय मांडले होते, विजयी उमेदवाराला एकूण मतांपैकी किती मते होती आणि उरलेली कोठे विखुरली, हे प्रश्न विचारणारा मतदार पक्षाच्या रकान्यावर विसंबून राहत नाही. अमरावतीचा इतिहास या दृष्टीने वाचला तर चंचल दिसणारा मतदार प्रत्यक्षात ओळखीच्या माणसांना पुन्हा पुन्हा पारखत आला आहे असे म्हणण्यास आधार मिळतो, आणि त्या पारखण्याला नोंदींची, म्हणजे स्थानिक निवडणुकांच्या काळजीपूर्वक जपलेल्या इतिहासाची, जोड मिळाली तर ते अधिक डोळस होईल.